डोंगा ओढायला डिझेल पिकअप घ्यायची? आधी धरमकाट्यावर चला



मागच्या पंधरवड्यात आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. अमेरिकेतला कोणी मच्छीमार डिझेल पिकअपच्या मागं ट्रॉली जोडून भलामोठा डोंगा ओढत नेतो, गाडी रिव्हर्स घेऊन सरळ पाण्यात उतरवतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. त्याखाली आपल्याच सभासदांच्या बारा-पंधरा प्रतिक्रिया. "संस्थेनं अशी गाडी घ्यावी", "कर्ज काढू पण घेऊ". दोघा नाव मालकांनी तर मला फोन करून विचारलं की सचिव साहेब, हे आपल्या इथं काहून जमत नाही?

जमतं, पण हिशेब वेगळा आहे. गाडीचा विषय पुढच्या सभेत येणारच आहे. तिथं आवाज चढवण्याआधी हा धडा सगळ्यांनी एकदा वाचून घ्यावा म्हणून लिहितो. मी काही मेकॅनिक नाही, बारावी शिकलेला माणूस. पण भाड्याच्या गाड्यांत माल आणि बीज आणण्यात बरीच वर्षं गेली आणि एकदा चांगला दणकाही खाल्ला. तो पुढं सांगतोच.

व्हिडिओतली गाडी म्हणजे फोर्ड, रॅम असल्या कंपन्यांची हेवी-ड्यूटी पिकअप. तिचं इंजिन सहा-सात लिटरचं. आपल्या ओळखीच्या बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं, टाटा योद्धाचं २.२ लिटरचं, लेलँडच्या दोस्तचं दीड लिटरचं. म्हणजे ती गाडी आणि ही गाडी फक्त नावापुरती एका जातीची. ती मुळात ओढण्यासाठीच बनवलेली आहे. चेसिस, मागचा हुक, थंड करायचा रेडिएटर, ब्रेक, सगळं त्या हिशेबानं. किती वजन ओढायचं ते कंपनी पुस्तिकेत लिहून देते. आपल्याकडची पिकअप डाल्यात माल वाहण्यासाठी बनवलेली आहे. वाहणं आणि ओढणं ही दोन वेगळी कामं आहेत. बैल आणि घोडा दोन्ही जनावरंच, पण वखराला घोडा कोणी जुंपत नाही.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा नको. विचारायचं हे, की या गाडीला कंपनीनं ट्रॉली ओढायची परवानगी दिली आहे का आणि किती किलोची? उत्तर तोंडी नको, गाडीच्या पुस्तिकेत किंवा लेखी पाहिजे. सेल्समन "हो हो, दोन टन ओढते" म्हणेल. पुस्तिकेत आकडा नसेल तर समजा की ओढण्यासाठी ती गाडी नाही. मग बाहेरून हुक वेल्डिंग करून घेतला आणि उद्या चेसिसला तडा गेला, तर वॉरंटीवाला हात वर करतो आणि त्याचं चुकतही नाही.

आता वजनाचा हिशेब. हा नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच उभं आहे.

गाडीच्या आरसी बुकात दोन वजनं लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की तुमच्या हाती काय उरतं ते कळतं. समजा भरलेलं वजन २९९० किलो आणि रिकामं १७००. उरले १२९० किलो. लोक म्हणतात तेराशे किलो मासोळी येईल. नाही येणार. या १२९० मध्ये सगळंच बसवायचं आहे.

उन्हाळ्यात तलावावरून माल काढला तर मासोळीएवढाच बर्फ लागतो. ४०० किलो रोहू-कतला धरा, ४०० किलो बर्फ धरा. २५ क्रेट, एकेक दोन किलोचा, म्हणजे ५०. ओली जाळी ८० किलो तरी भरते, कोरड्या जाळ्यावरून अंदाज करू नका. ड्रायव्हर धरून चार माणसं, पासष्टच्या हिशेबानं २६०. बेरीज झाली ११९०. उरले फक्त १०० किलो. मासोळी मात्र चारशेच आहे!

आता याच गाडीच्या मागं डोंग्याची ट्रॉली जोडा. डोंगा, ट्रॉली, सामान मिळून ७०० किलो धरू. ट्रॉलीचं सगळं वजन तिच्या चाकांवर नसतं, काही भाग दांड्यातून गाडीच्या हुकावर येतो आणि तो यायलाच पाहिजे. साधारण दहावा हिस्सा, म्हणजे इथं ७० किलो. हे ७० किलो गाडीच्या त्याच १२९० मधून जातात. उरले ३०. वरून एखादा पोरगा डाल्यात चढला की तुम्ही हद्दीबाहेर. (डाल्यात आणि ट्रॉलीत माणूस बसवायचाच नसतो, ते वेगळं.)

हुकावर दहावा हिस्सा का, तर ट्रॉलीत माल मागं झुकला की दांडा वर उचलला जातो, गाडीची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी झुलायला लागते. साठच्या स्पीडला हे सुरू झालं तर चांगल्या ड्रायव्हरचीही तारांबळ उडते. अशा वेळी ब्रेक कचकन दाबायचा नाही, स्टेअरिंग झटकायचं नाही. स्टेअरिंग सरळ धरून एक्सिलेटर सोडायचा आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. डोंगा चढवताना इंजिनचा, म्हणजे जड भाग मागं राहतो हे लक्षात ठेवा. बर्फपेटी, जाळी पुढच्या बाजूला, चाकांच्या जरासं पुढं ठेवली की तोल साधतो.

यानंतर घाट. आपला रामाकोना कन्हानच्या काठी, सातपुड्याच्या पायथ्याशी. सौसर, सावनेरवरून नागपूरकडं गेलं तर रस्ता बराचसा सपाट. पण छिंदवाड्याकडं जायचं म्हणजे सिल्लेवानीचा घाट. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटरवर, नागपूर ३१० च्या आसपास. मधला फरक कुठंतरी चढावाच लागतो आणि तो बहुतेक त्या घाटातच आहे.

चढाचा साधा हिशेब असा. रस्ता वीस फूट पुढं गेल्यावर एक फूट चढत असेल, तर गाडीला स्वतःच्या सगळ्या वजनाचा विसावा हिस्सा वर ओढावा लागतो. गाडी, माल, ट्रॉली मिळून चार टन असेल तर दोनशे किलोची ओढ फक्त चढासाठी, रस्त्याचं आणि हवेचं घर्षण वेगळं. डिझेल इंजिन इथं कामाला येतं कारण कमी फेऱ्यांवरही त्याला ओढ असते. या ओढीला कंपन्या टॉर्क म्हणतात. हॉर्सपॉवर मोठी आणि टॉर्क फार वरच्या आरपीएमवर मिळत असेल तर ती गाडी हायवेला पळेल, पण घाटात दुसऱ्या गिअरला रडेल. म्हणून माहितीपत्रक घेतलं की टॉर्कचा आकडा बघा आणि त्यापुढं किती आरपीएमवर तो मिळतो तेही बघा. १५००-१६०० पासून पूर्ण टॉर्क देणारं इंजिन आपल्या कामाचं.

पण चढ हा काही खरा घोर नाही. चढावर दम लागला तर गाडी फार तर थांबते. घोर उताराचा आहे.

आता तो दणका. दोन वर्षांआधी पावसाळ्यात घाटाच्या वरच्या बाजूनं मोठी बोटुकली आणायची होती. गाडी भाड्याची, तेराशे किलोची पिकअप. एक हजार लिटरच्या दोन टाक्या मीच भरून घेतल्या. मनात एवढंच, की दुसरी फेरी वाचेल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन टाक्या म्हणजे दोन टन, वर टाक्यांचं वजन, साठ किलोच्या आसपास ऑक्सिजनचा सिलेंडर, आम्ही तिघं. हे गणित चौथीतलं पोरगंही करेल, मी केलं नाही. ड्रायव्हरनं घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. तिसऱ्या वळणावर लायनर जळाल्याचा वास आला, चौथ्यावर ब्रेकचा पेडल पायाखाली मऊ झाला. समोरून संत्र्याचा ट्रक येत होता. ड्रायव्हरनं डोकं लावून गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली म्हणून आज हे लिहितो आहे. दीड तास तिथं उभे होतो. एका टाकीची नळी निसटली होती, ते लक्षातच आलं नाही. अर्धं बीज मेलं. त्याचा खर्च संस्थेच्या खात्यात पडला, सभासदांनी सभेत मला विचारलं आणि विचारायलाच पाहिजे होतं.

नंतर मी एका शिक्षकाला हे समजावून मागितलं. त्यांनी सांगितलं ते असं. साडेतीन टन वजन अडीचशे मीटर खाली उतरवलं तर जेवढी शक्ती मोकळी होते, तेवढ्यात जवळपास तीस लिटर थंड पाणी उकळतं. थोडी घर्षणात जाते, इंजिन गिअरमध्ये असेल तर बरीच इंजिन रोखून धरतं. न्यूट्रल केलं की सगळी उष्णता त्या चार ब्रेकवर. म्हणून जुने ट्रकवाले सांगतात ते खरं, ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. चावी बंद करून उतरणारे बहाद्दर तर वेगळेच. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते.

पाण्याच्या टाकीबद्दल एक राहिलं. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वळणावर जास्त वाईट. पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला ढकलतं. कमी न्यायचं असेल तर मोठी टाकी अर्धी भरण्यापेक्षा लहान टाकी पूर्ण भरा आणि केबिनला टेकवून बांधा. बीज थोडं असेल तर ऑक्सिजनच्या पिशव्याच बऱ्या.

मग ट्रॉली मागं असली तर उतारावर काय होतं? ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती गाडीला मागून रेटते. गाडीचे ब्रेक गाडीच्या वजनासाठी बनवलेले, त्यांना आता ट्रॉलीही थांबवायची. ओल्या रस्त्यावर वळणात ब्रेक दाबला तर ट्रॉली गाडीला कोपरात मुडपल्यासारखी दुमडते. म्हणून बिनब्रेकची ट्रॉली घेऊन सिल्लेवानी घाट, हे माझ्या सहीनं होणार नाही. सभेनं ठरवलं तर दुसरा सचिव बघा.

तलावाच्या पाळीवरची गोष्ट वेगळी. तिथं स्पीड नाही, पण काळी माती आणि चिखल आहे. साध्या पिकअपला ओढ मागच्या चाकांत असते आणि डाला रिकामा असला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. इंजिन कितीही मोठं असो, चाकाला पकड नसेल तर काही उपयोग नाही. फोर-बाय-फोर गाडी इथं कामाची. पण खरं सांगू, वर्षातून किती वेळा डोंगा पाण्यातून काढतो आपण? तेवढ्यासाठी गावातला ट्रॅक्टर काय वाईट आहे. कोकणातसुद्धा किनाऱ्यावर होड्या ओढायला ट्रॅक्टर वापरतात.

तरीही कोणी ट्रॉली घेतलीच, तर एक सांगतो. लांबून आल्याबरोबर ट्रॉली पाण्यात घालू नका. चाकाचं हब तापलेलं असतं, गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस धुऊन निघतं आणि महिन्याभरात बेअरिंग जातं. अर्धा तास चहा घ्या, हाताला हब गार लागलं की मग उतरवा. लाइटची पिन आधी काढा.

आता कागदाचं. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉली हेही एक वाहनच आहे. तिची वेगळी नोंदणी लागते आणि ट्रॉलीच्या मागं ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेली ट्रॉली स्वस्त पडते खरी, पण तिचं पासिंग होईल का हे आरटीओत आधी विचारा, लोखंड नंतर घ्या. विम्यातही गाडीसोबत ट्रॉलीचा उल्लेख पाहिजे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात ट्रॉलीचा विमा नाही म्हणून कोर्टात वर्षानुवर्षं अडकलेली प्रकरणं पुष्कळ आहेत.

जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनामागं २,००० रुपये. शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. उन्हाळ्यात हायवेवर मासोळी उतरवायची म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

नागपूरला माल नेणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. ज्या मालगाडीचं भरलेलं वजन ३००० किलोच्या आत आहे तिला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की परमिट आलं, आणि आपल्याला तर सावनेरच्या अलीकडंच राज्याची हद्द ओलांडावी लागते. तेराशे किलोच्या पिकअप बहुतेक ३००० च्या आत बसवलेल्या असतात, सतराशे-दोन हजारवाल्या बाहेर जातात. म्हणून मोठी गाडी घेताना फक्त किंमत बघू नका, परमिटचा खर्च आणि फेऱ्या धरा. ट्रॉली जोडली तर हा हिशेब कसा होतो ते आरटीओतून लेखी घ्या. ड्रायव्हरच्या लायसन्सचा घोळ मात्र मिटला आहे. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवू शकतो.

काही जण हायलक्स किंवा व्ही-क्रॉसचं नाव घेतात. गाड्या दमदार आहेत, फोर-बाय-फोर मिळते, हायलक्सचं इंजिन २.८ लिटरचं आणि २०४ हॉर्सपॉवरचं. पण त्या डाल्यात बोलेरो-योद्धाएवढा माल घेत नाहीत आणि हायलक्सच्या पैशात आपल्या कामाच्या दोन-तीन पिकअप येतात. संस्थेच्या पैशानं घेण्यासारखी ती वस्तू नाही. ज्याचा संत्र्याचा बगीचा चांगला पिकला त्यानं खुशाल घ्यावी, आम्ही पेढे खायला येऊ.

नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांचंही समजून घ्या. धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी रोज दोन-चार किलोमीटर फिरून बंद केली तर ती काजळी जळत नाही, जाळी चोंदते, दिवा लागतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेवर अर्धा तास सलग चालली पाहिजे. ज्याचं काम फक्त घर ते तलाव एवढंच आहे त्यानं डिझेलच पाहिजे का, हा विचार करावा. काही मॉडेलमध्ये डिझेलसोबत डीईएफही भरावं लागतं, तोही खर्च विचारून घ्या.

सबसिडीबद्दल रोज कोणीतरी विचारतं. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासोळी वाहून नेण्याच्या गाड्या आहेत. थंड ठेवणारी गाडी, इन्सुलेटेड गाडी, बर्फपेटीची तीनचाकी, बर्फपेटीची मोटरसायकल. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. डोंगा ओढायच्या पिकअपचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे पैसा सरकार देतं ते माल ताजा पोचवायला, आणि आपलं नुकसानही तिथंच होतं. तुमच्या घरातली बाई खरोखर मासोळी विकते, तर अर्ज तिच्या नावानं का नाही? सध्या कोणता अर्ज खुला आहे ते जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारून मी कळवतो.

माझं मत आधीच सांगून ठेवतो, सभेत कोणी म्हणू नये की सचिवानं लपवलं. संस्थेनं तेराशे किलोच्या आसपासची साधी पिकअप घ्यावी, भरलेलं वजन ३००० च्या आत. डाल्यात बसतील अशा इन्सुलेटेड पेट्या कराव्यात. हुक लावू नये. मोठ्या तलावांवर डोंगा तिथंच साखळीनं बांधून ठेवावा, लहान फायबरचा डोंगा डाल्यावर कॅरिअर करून न्यावा, पण वरून बांधल्यावर तो किती बाहेर निघतो ते बघून. बीज आणायच्या दिवशी एकच हजार लिटरची टाकी. दुसरी फेरी लागली तर लागली.

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी आकडे घेऊन यावं. १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंदच आहे, डोंगे काठावर आहेत, वेळ आहे. येत्या रविवारी सकाळी आठला मी सौसरच्या धरमकाट्यावर उभा राहीन. ज्याला आपला डोंगा, इंजिन, ओली जाळी एकत्र तोलून बघायची असेल त्यानं ट्रॅक्टरवर टाकून आणावं. काट्याची पावती संस्था भरेल. जाळी भिजवून आणा, कोरडी नको.